तिसऱ्या घंटेला दार

बाळाकाका कोतवडेकरांनी कुणाच्याही दाराची बेल कधी एकदाच वाजवली नाही. एक बेल, मग घसा खाकरण्याइतकी उसंत, दुसरी बेल, पुन्हा उसंत, मग तिसरी. नाटकाचा पडदा उघडण्याआधी घंटा होतात, तश्शा. तुम्ही पहिल्याच बेलला दार उघडलंत, तर काका पाठमोरे उभे. "अजून मेकअप चाललाय. दार लावून घ्या." आपण आपल्याच घराचं दार मुकाट्याने लावून घ्यायचं.

मागच्या महिन्यात काका गेले. व्यावसायिक रंगभूमीवर त्यांनी नोकर, घरजावई, बहिरे सासरे अशी कामं करून लोकांना पोट धरधरून हसवलं. गिरगावातली खोली सोडून ते बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी राहायला आले, तेव्हा मला वाटलं, चला, घरबसल्या फुकट नाटक. ते मिळालंही, फक्त खेळाची वेळ काका ठरवायचे. आपण हसलो की हात जोडून म्हणायचे, "टाळी नको, चहा चालेल."

त्यांच्या स्वतःच्या दारालाही तोच कायदा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिग्नेशभाई, माणूस भयंकर घाईचा. त्यांनी पहिल्यांदा बेल दाबली, तर आतून खणखणीत आवाज आला, "पहिली घंटा! प्रेक्षकांनी आपापल्या जागा घ्याव्यात!" जिग्नेशभाई बिचारे जिन्यात पायरीवर बसले. गॅसवाल्याला काकांनी हिंदीतून पढवलं, "भाई, एक घंटी में परदा नहीं खुलता. तीन मारने का, आराम से." हळूहळू सगळी बिल्डिंग तयार झाली.

मला एकच गोष्ट खटकायची. काका आत खुर्चीत पेपर वाचत बसलेले आणि दार उघडायला कायम सुमनकाकू. एकदा मी बोललेच, "काका, तुम्ही उठलात तर काय बिघडेल हो?"

"वा! नायिकेची एंट्री मी खाऊ?"

काकू एकेकाळी त्यांच्याच कंपनीत नायिका होत्या, हे खरं. पण नवरे लोकांना सबबी बऱ्या सुचतात, असं मी घरी येऊन आमच्या ह्यांना ऐकवलं.

काका गेल्यावर तेरावं होईपर्यंत दार उघडंच होतं. माणसं सरळ आत येत होती, बेलचा प्रश्नच नव्हता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तर काकांचा पुण्याचा भाचा शेखर काकूंना आपल्याकडे न्यायला त्यांची बॅग भरत होता.

"मामी, हट्ट करू नकोस. तू दाराशी पोचेपर्यंत माणूस निघून जाईल. गॅस, औषधं... कोण थांबणारे तुझ्यासाठी?"

काकू पलंगावर बसून होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "गुडघे गेलेत गं माझे, कधीचे. पहिल्या घंटेला पाय खाली सोडायचे, दुसरीला उभं राहायचं, तिसरीला दार. स्टेजवर मी धावत एंट्री घ्यायचे. आता कुणी 'बिचारी' म्हटलेलं मला सोसलं नसतं. ह्यांना ते ठाऊक होतं. म्हणून सगळ्या बिल्डिंगला वेड लावून ठेवलं."

मला एकदम रडूच आलं. माणसाने बायकोवर इतकं गुपचूप प्रेम करावं! काकूंना हे घर सोडायचं नव्हतं. शेखरने बॅगेची चेन ओढली.

तेवढ्यात बेल वाजली.

शेखर उठला. "बस खाली," काकू म्हणाल्या. "एंट्री माझी आहे." त्यांनी पाय खाली सोडले. बाहेर शांत. मला वाटलं, गेलं वाटतं कुणी ते. मग दुसरी बेल झाली. काकू पलंगाचा काठ धरून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, भिंतीला हात लावत निघाल्या. तिसरी बेल झाली, तेव्हा त्यांचा हात कडीवर होता.

दारात जिग्नेशभाई, हातात थेपल्यांचा डबा. मागे काकूंचाच सिलेंडर घेऊन आलेला गॅसवाला, तोही शहाण्यासारखा थांबलेला.

"काकी, तीन झाली ना? येऊ ना आतमंदी?"

"या ना. किती वेळ उभे आहात?"

जिग्नेशभाईंनी डबा काखेत मारला, हात जोडले आणि म्हणाले, "टाळी नको, चहा चालेल."

काका गेल्यापासून पहिल्यांदाच काकू मोठ्याने हसल्या. हसता हसताच वळून भाच्याला म्हणाल्या, "शेखर, माझे कपडे परत कपाटात ठेव. आणि आधण ठेव रे, आपण पाच जण आहोत."