सगळ्यांच्या आधी उठणारी डिस्क

टप.

ठाकुर्लीच्या त्या घरात दुपारी एवढी शांतता सहसा नसते. आज होती, कारण टेबलावरचा कॉम्प्युटर चालू होत नव्हता आणि देवयानी, तिचे सासरे विश्रामराव आणि पाच वर्षांचा अद्वय असे तिघं त्याच्यासमोर गप्प उभे होते. स्वयंपाकघरात चाळणीतल्या चक्क्याचं पाणी खालच्या पातेल्यात पडलं. टप.

काळ्या स्क्रीनवर एकच वाक्य होतं. सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे काय?" विश्रामरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "काल तूच बसवलीस ना?"

"बसवली बाबा. आत आहे ती. मला दिसतेय."

"तुला दिसून काय उपयोग? त्याला दिसायला हवी."

हा कॉम्प्युटर लग्नाआधी देवयानीने आणि तिच्या भावाने, सिद्धेशने, कल्याणच्या घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एकेक भाग जोडत बनवला होता. अद्वय झाल्यापासून त्यावर फक्त बडबडगीतं लागत होती. पण आता ठाण्याच्या हेमांगी मॅडमना घरबसल्या इमारतींचे नकाशे काढून देणारं माणूस हवं होतं. चार वाजता व्हिडिओ कॉल होता आणि त्यात देवयानीने आपला नकाशा उघडून, त्यांच्यादेखत बदलून दाखवायचा होता. नकाशांचं नवं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर चालेना. म्हणून काल, नवरा कामावर गेल्यावर आणि अद्वय झोपलेला असताना, तिने नवी डिस्क लावून तिच्यावर नवी सिस्टीम टाकली. कॉम्प्युटर असा भरभर चालायला लागला की तिला एकटीलाच हसू आलं. मग जुनी डिस्क उगाच घरघर करत अद्वयची झोप मोडते म्हणून तिने ती काढून टाकली.

सासूबाईंना, मंदाकिनीबाईंना, सुनेची इतकी खात्री की त्यांनी सकाळीच श्रीखंडाची तयारी केली होती.

"आई, अजून मिळालं कुठेय काम?" देवयानी म्हणाली होती.

"नाही मिळालं तर काय श्रीखंड कडू लागणारेय?"

देवयानीने सगळ्या वायरी काढून परत लावल्या. विश्रामरावांनी बटण बंद करून थोडा वेळ थांबायला सांगितलं आणि चालू करताना टीव्हीच्या रिमोटला मारतात तशी कॉम्प्युटरच्या डब्याला एक चापट मारली. अद्वयने वाकून त्याला "गुड मॉर्निंग" म्हटलं. वाक्य तेच आलं. शेवटी तिने सिद्धेशला फोन लावला.

"ताई, नवीन सिस्टीम टाकलीस तेव्हा जुनी डिस्क काढलेलीस का?"

"नाही रे. नंतर काढली."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. लहानपणी बरणी फोडल्यावर तो असाच श्वास घ्यायचा.

"मग बरोबर आहे. सिस्टीम सगळी नवीन डिस्कवर गेली. पण कॉम्प्युटरला झोपेतून उठवणारा एक छोटासा तुकडा असतो ना, तो जुन्या डिस्कवर आधीपासून होता. नवीनने वेगळा केलाच नाही. तिने जुनीला सांगितलं, तू उठतेसच, तर मला पण उठव."

"म्हणजे आता सगळं आहे, पण उठवणारं कोणी नाही?"

"हां. जुनी लाव परत, चालू होईल. कुठे ठेवलीयेस?"

"फ्रिजवर."

फ्रिजवर केळी होती, विजेचं बिल होतं आणि अद्वयचा एक मोजा होता.

"बाबा, इथे एक धातूची सपाट डबी होती. जड. तुम्ही पाहिलीत?"

विश्रामरावांचा चेहरा हळूहळू उतरला. "सकाळी भंगारवाला आला होता. मी त्याला रद्दीची पिशवी दिली. तळाशी काहीतरी जड होतं खरं."

पुढचं बोलणं जिन्यातूनच ऐकू आलं, कारण तोवर त्यांनी चपला घातल्या होत्या.

ते परतले तेव्हा रिक्षातून उतरले. शर्ट घामाने भिजला होता आणि पिशवी त्यांनी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. देवयानीने ती उघडली. आत घरातली जुनी, बंद पडलेली इस्त्री होती.

"आपल्याकडून घेतलेली जड वस्तू एवढीच, असं शपथेवर सांगितलं त्याने," विश्रामराव खालच्या आवाजात म्हणाले.

"ही टाका, टाका म्हणून मी घसा कोरडा केला," मंदाकिनीबाई दारात आल्या. "शेवटी आज मीच रद्दीत घातली, तर वाजतगाजत परत आणलीत? आणि तुमचं सगळ्यांचं मघापासून चाललंय काय?"

"आई, कॉम्प्युटरची जुनी डिस्क शोधतोय. चंदेरी, एवढी, विटेसारखी..."

"ती होय? चक्क्यावर आहे."

स्वयंपाकघरातून आवाज आला. टप.

"खलबत्ता घसरत होता. ही कशी सपाट, हलत नाही. दोन पिशव्यांत गुंडाळलीय, तेवढं कळतं मला."

"अहो, मग सांगायचं ना," विश्रामराव म्हणाले.

"मला विचारलंत? कॉम्प्युटरचं मला या घरात कोण विचारतंय."

देवयानी चाळणीकडे धावली, पण सासूबाई आडव्या आल्या. "वजन काढायचं नाही. चक्का पातळ राहील."

"आई, पावणेचार झालेत."

सासू सुनेकडे बघत राहिली, सून चक्क्याकडे. मग विश्रामरावांनी न बोलता इस्त्री पुढे केली. मंदाकिनीबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, खालून हात फिरवला, पिशवीत गुंडाळली आणि डिस्क उचलून तिच्या जागी इस्त्री ठेवली.

"बरीय," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून विश्रामरावांनी आणलेल्या वस्तूला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक असावं.

डिस्क पुसून लावली. घरघर सुरू झाली आणि स्क्रीन निळी झाली. अद्वय म्हणाला, "उठला."

"देवयानी, मागे काय वाजतंय? मिक्सर आहे का?" कॉल सुरू झाल्यावर हेमांगी मॅडमनी पहिलं हेच विचारलं.

"नाही मॅडम, माझी जुनी डिस्क आहे. ती नसती तर मी आज तुम्हाला दिसलेच नसते."

मॅडम हसल्या. मग त्यांनी नकाशातली स्वयंपाकघराची भिंत सरकवायला सांगितली. देवयानीने ती सरकवली आणि कोणी न सांगता ओटा हातभर लांब केला.

"हा का वाढवलात?"

"चाळणी ठेवायला जागा लागते मॅडम."

"माझ्या ओट्यावर नाहीये तेवढी जागा," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून सुरू करा."

संध्याकाळी श्रीखंड इतकं घट्ट झालं की चमचा उभा राहिला. सिद्धेशचा निरोप आला होता, उठवणारा तुकडा नव्या डिस्कवर हलवता येईल, उद्या सांगतो.

"मग ती मोकळी झाली की मला दे गं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "इस्त्री एका बाजूला कलते."

अद्वय देवयानीच्या मांडीवर बसून वाटी चाटत होता. उघड्या डब्यातल्या डिस्कला त्याने हळूच बोट लावलं. बोटाला जराशी थरथर लागली.

"आई, ही काय करते?"

"हिच्यात एक छोटासा तुकडा आहे. तो सगळ्यांच्या आधी उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो."

"तू आजोबांना उठवतेस, बाबांना उठवतेस, मला उठवतेस, तसं?"

"हो, अगदी तसं."

अद्वयने वाटी खाली ठेवली आणि नाकाला श्रीखंड लागलेलं तोंड वर केलं.

"मग तुला कोण उठवतं?"