तळ्याकाठची वसाहत आणि गुप्तेकाका

आमचे गुप्तेकाका लग्नाच्या पंगतीतही गळ्यात शिट्टी घालून बसतात. कुणी पाण्याचा भरलेला पेला तसाच टाकून उठला, की ती वाजते. वधूपिताही दचकतो.

काका आयुष्यभर धावपटूंचे प्रशिक्षक. बडोद्यात मांजलपूरच्या पलीकडे, तळ्याकाठी, एका स्पर्धेसाठी खेळाडूंची घरं बांधली होती. स्पर्धा संपली, खेळाडू गेले आणि ती घरं आमच्यासारख्या नोकरदारांना मिळाली. मी घराण्यातला पहिला पदवीधर, वाघोडियाच्या कारखान्यात नुकताच लागलेला. मला तो राजवाडाच वाटला. स्पर्धेच्या वेळी काका तिथले व्यवस्थापक होते. ते मागे राहिले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले. आम्हाला वाटलं, शेजारी मिळाला. त्यांना वाटलं, संघ मिळाला.

काकांचे नियम ठरलेले: न्हाणीचं पाणी केळींना, गच्चीवरचं पावसाचं विहिरीत, काठावर फक्त सायकली. नळ ठिबकला, की "फाउल स्टार्ट". माझ्या बायकोने तांदळाचं धुवण मोरीत ओतलं, तर तिला बागेभोवती पळवलं आणि वर म्हणाले, "टायमिंग छान आहे, सूनबाई." पण उन्हाळ्यात शेजारच्या सोसायट्या टँकरची वाट बघत, तेव्हा आमची विहीर भरलेली असे.

मग घरोघर मोटारी आल्या. काठालगतचं तळं बुजवून पार्किंग करावं, असा ठराव आमच्यातल्याच जशुभाईंनी आणला. "काका, गाडी शुं माथे मूकुं?" असं त्यांनी विचारलं, आणि गाडी खरंच डोक्यावर ठेवता येत नसल्याने बहुतेकांनी माना डोलावल्या.

काकांनी मतदान थांबवलं. म्हणाले, "आधी वॉर्मअप, मग भांडण." सगळ्या सभेला तळ्याभोवती फेरी मारायला लावली. अर्ध्या वाटेत जशुभाई धापा टाकत पायऱ्यांवर टेकले, पाण्यात पाय सोडले आणि उठेनात. पाठोपाठ बाकीचेही बसले. बऱ्याच वेळाने जशुभाई म्हणाले, "जवा दो. गाडी फाटकापाशी राहील."

सभा पांगली, तरी काका पायऱ्यांवरच होते. एवढा हट्ट कशासाठी, असं मी विचारलं.

"जन्मभर शिबिरं घेतली रे. मुलं यायची, जीव लावायची, निघून जायची. खोल्यांना कुलपं मी घालायचो. इथलं पाणी आटलं, की तुम्हीही उठाल."

मग तळ्याकडे बघतच त्यांनी विचारलं, "तुम्ही राहणार ना इथे?"

मी म्हणालो, राहणार.

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं.