मावशीच्या मागचा किल्ला

महाबळेश्वरला जायचं नाही, हे रूपेशने लग्नानंतर दहाव्या दिवशी ठरवलं. "स्ट्रॉबेरी बघायला एवढं लांब कशाला? आपल्याकडे इतिहास काय कमी आहे?" तो म्हणाला, आणि योगिताने मान डोलावली. (नवी सून दुसरं काय डोलावणार?)

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची मासेमारीची बोट सुटणार होती, की मग आठ दिवस समुद्रात. म्हणजे इतिहासाच्या वाट्याला एकच दिवस. योगिताची मागणीही एकच होती: डहाणूच्या खाडीकाठच्या किल्ल्यावर चढायचं. ती तलासरीला शाळेत असताना तिथली सहल ठरली होती, आणि नेमका त्याच दिवशी तिला गोवर आला होता.

खरी अडचण मोटारसायकल सुरू झाल्यावर कळली. रूपेशच्या डोक्यातल्या नकाशात वास्तू नव्हत्याच, नातेवाईक होते.

महालक्ष्मीचं देऊळ म्हणजे "गंगी आत्याच्या जरा पुढे". आत्या कासाच्या बाजारात सुकी मासळी विकायची. नवी सून ओटी न भरता पुढे जाणार कशी? आत्याने बोंबलांचा ढीग बाजूला सारून तिथेच पाट मांडला, तांदूळ, खण, नारळ घातला, चहा पाजला आणि मग घरी नेऊन जेवायलाच बसवलं. देवीपुढे योगिता दीड मिनिट उभी राहिली. आत्यापुढे दीड तास बसली होती.

परतताना रूपेशने आशागडला गाडी वळवली.

"इथे गड आहे?"

"गडाचं माहीत नाही. संगीताताई आहे."

ताईने नारळ दिला. मग ताईच्या सासूने दिला, जावेने दिला, आणि वाईट वाटायला नको म्हणून शेजारणीनेही. पाच वाजता दोघं डहाणूत शिरली तेव्हा योगिताच्या मांडीवर पाच नारळ होते आणि प्रत्येक गतिरोधकाला ते रूपेशच्या पाठीत गुद्दे घालत होते. (तिने ते आवरायचा फारसा प्रयत्न केला नाही.)

किल्ला अर्थातच "सोनी मावशीच्या मागे" होता. मावशीच्या मागच्या दारातून तटाची भिंत हाताला लागेल इतकी जवळ. मावशीने पाट मांडला, चहाचं आधण ठेवलं. बाहेर ऊन उतरायला लागलं. दहा दिवसांत योगिता सासरच्या मोठ्या माणसापुढे पहिल्यांदाच आपणहून बोलली.

"मावशी, ओटी किल्ल्यावर भरली तर चालेल?"

रूपेशला ठसका लागला.

"चालेल की," मावशी म्हणाली. "मीपण कधी वर गेले नाही."

"कधीच नाही?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून मागेच तर आहे. पळून जातोय थोडाच."

ताट घेऊन मावशी निघाली, तिला बघून गल्लीतल्या आणखी सहा जणी निघाल्या. तटावर वारा असा, की तांदूळ ओटीत कमी आणि खाडीत जास्त पडले. कुंकू रूपेशच्या नाकाला लागलं. बायका हसून हसून खाली बसल्या. योगिताला वाटलं, गोवर येऊन गेला ते बरंच झालं. शाळेच्या सहलीत एवढी मजा आली नसती.

तेवढ्यात मावशीने खाली वाकून पाहिलं.

"रूपेश, ते बिनछपराचं काय आहे रे?"

"तुझं न्हाणीघर, मावशी."

मावशीने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "इथे शाळांच्या सहली येतात ना?"

चाळीस वर्षांचा इतिहास एकदम तिच्या अंगावर आला. लगेच फर्मान सुटलं: रूपेशने होडीची ताडपत्री आणून न्हाणीघरावर बांधायची, आत्ताच. बायकांनी दोऱ्या धरायच्या. "आणि सूनबाई, तू इथेच थांब. काय काय दिसतं ते वरून सांगत राहा."

अशा रीतीने योगिता तासभर किल्ल्यावर उभी राहिली, अगदी मनासारखी एकटी. खाडीकडे, समुद्राकडे आणि समस्त इतिहासाकडे पाठ करून.

"बादली दिसते."

"आता?"

"बादली गेली. साबण दिसतो."

शेवटची गाठ बसली. खालून मावशीची हाक आली, "आता काही दिसतं का गं?"

योगिता घाईघाईने मागे वळली. दिवस मावळला होता. खाडी, होड्या, बुरूज, सगळं काळोखात गेलं होतं.

"काहीच नाही, मावशी."

"शाब्बास. ये मग खाली, तुझी ओटी नीट भरते."