काकूंचे तीन हात

आमच्या कोल्हारचे भास्करनाना कुठलीही वस्तू नुसती समोरून बघत नाहीत. मोबाईल पुढे धरून तिच्याभोवती फेरी मारतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर भाच्याने त्यांना त्यासाठीचे ॲप घालून दिले, तेव्हापासून गल्लीत आमचीही गणना वस्तूंतच होते.

प्रकार असा. चारी बाजूंनी फोटो काढायचे. संगणक त्यांतले सारखे ठिपके जुळवतो, त्रिकोणांची जाळी विणतो आणि वर फोटोतला रंग चढवतो. मग ती वस्तू पडद्यावर बोटाने गरगर फिरवता येते. "आदी ठिपकं, मग त्रिकोन, मग कातडं," हे नाना शिऱ्याची कृती सांगावी तसे सांगतात.

एका लग्नात ते नवरदेवाभोवती फिरू लागले. भटजींनी मंत्र थांबवून हा कुणाकडचा विधी, असे विचारले. "मागनं राहिलाय," म्हणत नानांनी फेरी पुरी केली. माझ्या नव्या स्कूटरवर त्यांनी डबाभर पावडर फासली. चकचकीत वस्तूवर संगणकाला ठिपके सापडत नाहीत म्हणे. मी तणतणलो, तर म्हणाले, "आता दिसंल तरी."

एकच वस्तू त्यांना कधी जमली नाही, ती म्हणजे मालनकाकू, त्यांची बायको. नानांची फेरी होईपर्यंत काकू भाकरी उलटणार, कोंबडी हाकलणार, पदर सारखा करणार.

"आगं, हलू नको!"

"मंग भाकरी तुमी थापा!"

माणूस हलला की ठिपके जुळत नाहीत. पडद्यावर काकूंना कधी तीन हात फुटायचे, कधी नाक गालावर ओघळायचे. गल्ली पोट धरून हसायची. सगळ्यांत जास्त काकू.

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. आता ओट्यावरच्या खुर्चीत बसवले की त्या तशाच बसून असतात. परवा गेलो तेव्हा नाना त्यांना पेज भरवत होते.

"नाना, फेऱ्या बंद का हल्ली?"

"आता ती हलत न्हाई," ते म्हणाले. "आता घेतली तर एकदम बरूबर यील. म्हनून घेत न्हाई."

मग त्यांनी मोबाईल उघडला. बिघडलेली एकही काकू त्यांनी पुसली नव्हती. तीन हातांची काकू पडद्यावर फिरली: एक हात भाकरीवर, एक कोंबडीवर, एक पदराला.

नानांनी पडदा काकूंपुढे धरला. त्यांचे अर्धे तोंड हसले. डावा हात मांडीवरून हळूहळू उठला आणि पदराकडे निघाला.

नानांनी मोबाईल खाली ठेवला.

"हल गं," ते म्हणाले. "आजून हल."