प्लॅटिनमला पर्याय

पंखा काही फिरेना. तळहाताएवढा तो पंखा मागच्या आठवड्यात दिवसभर गरगरत होता आणि आज इंधनघटाला जोडल्यावर ढिम्म. संशोधक बाईंनी त्याच्यावर डोळे वटारले, मग हळूच फुंकर मारली. पाती हलली, पण ती फुंकरीनेच.

"परवा निधी देणाऱ्या पाहुण्यांसमोरही फुंकर मारणार का?" मागून विभागप्रमुखांनी विचारलं. "पंखा फिरला नाही तर प्रकल्प बंद, बाई. मग माझ्याही हातात काही नाही."

बाईंचा दावा सरळ होता. इंधनघटात वीज तयार व्हायला महागडं प्लॅटिनम लागतं; तेच काम भुईमुगाची टरफलं बंद भट्टीत भाजून केलेली काळी पूड फुकटात करील. पहिल्या पुडीने ते करूनही दाखवलं. ती संपली आणि दुसरी रुसून बसली. टरफलं तीच, भट्टी तीच, तापमानही तेच. बाईंना परवाची धास्ती होतीच, पण त्याहून जास्त छळत होतं कुतूहल. मग बदललं काय?

टरफलं वाळायची घरच्या गॅलरीत, तेव्हा चौकशीही घरीच सुरू झाली.

"आई, या वेळी टरफलांचं काही वेगळं केलंत का?"

"छे गं. नुसती स्वच्छ धुतली," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी केसच केस होते त्यात. म्हटलं, चारचौघांत तुझं हसं नको व्हायला."

बाई जागच्या जागी थबकल्या. केस! केसांत नायट्रोजन असतो, गंधक असतं. प्लॅटिनमचं काम करायला टरफलांच्या कोळशात नेमकं तेच कमी पडत होतं! त्यांची नजर सावकाश नवऱ्याकडे वळली. त्याचे केस खांद्यावर रुळत होते.

"मी फक्त टोकं कापली होती," नवरा म्हणाला. चोराच्या मनात चांदणं. "गॅलरीत उजेड चांगला असतो."

"या वेळी टोकांवर भागणार नाही."

"अगं, केस आहेत ते माझे!"

"केस पुन्हा उगवतील. प्रकल्प नाही उगवणार."

त्याने बराच वेळ आरशात पाहिलं. पण आपल्या डोक्यातून वीज निघते का, हे आता त्यालाही बघायचं होतं. त्याने मुकाट्याने कात्री आणि वस्तरा आणून दिला.

पाहुण्यांसमोर पंखा असा सुटला की टेबलावरचे कागद उडाले. प्रकल्प वाचला. कारण कळल्यावर विभागप्रमुखांनी स्वतःच्या टकलावरून हळहळत हात फिरवला.

संध्याकाळी बाई आनंदाने घरी आल्या. गॅलरीत सासूबाई मांजरीला विंचरत बसल्या होत्या आणि केसांचे पुंजके उडत होते.

"आई," बाईंनी जपून विचारलं, "टरफलांत होते ते केस..."

"हिचेच की. दिवसभर त्यातच लोळायची मेली."

नवऱ्याचा हात गुळगुळीत डोक्यावर गेला. "आई! मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तू कॉलेजात गेलास तेव्हापासून सांगतेय, ते केस काप," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी पहिल्यांदा तू कुणाचं तरी ऐकत होतास. मी कशाला मध्ये बोलू?"