कॉर्कची पेनी आणि दाजींचा महाशोध

"मला तीन गोष्टी न सांगता कळतात," माझे दाजी कुठल्याही अनोळखी माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवतात. "माणूस खोटं कधी बोलतोय, नाणं खोटं कधी असतं आणि पाऊस कधी येणार." पैकी पाऊस यॉर्कशरमध्ये शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उरलेल्या दोन गोष्टींबद्दल आता वाचा.

दाजी म्हणजे रोलंड पिंचबेक, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी घरोघरचे गॅसचे मीटर वाचले आणि निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले. फरक एवढाच, की पूर्वी लोक त्यांना दार उघडायचे. मी डेन्झिल, त्यांचा मदतनीस. भिंग धरायचं आणि दाजी चुकले की "अगदी बरोबर" म्हणायचं, हे माझं काम. बहिणीला तसा शब्द दिलाय.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आमच्या विकरबी गावात चर्चमागच्या हॉलमध्ये आमचं नाणेमंडळ जमतं. आम्ही एकूण अकरा जण, सातशे वर्षांपूर्वीच्या चांदीच्या पेनींवर जीव टाकणारे. त्या काळी चांदीचा पत्रा दोन ठशांमध्ये ठेवून वर हातोडा हाणायचे, त्यामुळे दोन पेनी कधी एकसारख्या निघत नाहीत. नाण्यावरच्या राजाच्या कानाखाली ठिपका आहे की नाही, यावरून आमच्यात दोन-दोन वर्षं अबोला राहिलेला आहे.

मंडळाकडे खरी दुर्मीळ पेनी एकच, आयर्लंडातल्या कॉर्क शहरात पाडलेली. इंग्लंडच्या पेनीवर राजाचं तोंड गोलात असतं, आयर्लंडच्या पेनीवर त्रिकोणात, आणि मागच्या बाजूला पेनी पाडली त्या गावाचं नाव. एवढं कळलं की तुम्ही आमच्या निम्म्या सभासदांच्या पुढे गेलात. तर त्या शनिवारी चहाच्या आधी ही कॉर्कची पेनी सगळ्यांच्या हातांतून फिरली आणि चहा झाल्यावर बघतो तर तिची जागा रिकामी.

नाण्यांचे खण सिलास ऑगल सांभाळतात. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन चार वर्षं झाली. हा एक शनिवार सोडला तर महिनाभर ते पोस्टमनशिवाय कुणाशी बोलत नसावेत. अध्यक्ष मिसेस स्कोफिल्ड पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि ते अजून त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. त्यांनी जाहीर केलं, पाच वाजेपर्यंत पेनी सापडली नाही तर खण दुसऱ्याकडे जातील आणि ऑगलांनी यापुढे न येणंच बरं. ऑगल काही बोलले नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात दाजी उठले आणि दारं लावायला सांगितली. ती लावलेलीच होती, बाहेर मरणाचा गारठा होता.

चोर खिडकीतून आला, हा पहिला सिद्धांत. खिडकी रंगाने अशी चिकटलीय की चार वर्षांत उघडलेली नाही. मग पाद्रीबाबांच्या कुत्र्याने पेनी गिळली, असं ठरलं. कुत्रं ईस्टरपासून हॉलकडे फिरकलं नव्हतं, पण दाजींच्या मते त्याचं न फिरकणंच संशयास्पद होतं. शेवटी दाजी ऑगलांसमोर उभे राहिले. म्हणाले, "हे मघापासून गप्प आहेत. तोंडात काहीतरी धरलेला माणूस गप्पच असतो."

ऑगलांनी दहा जणांसमोर तोंड उघडून दाखवलं. मला दाजींचा इतका राग आला, की "अगदी बरोबर" म्हणायचं राहूनच गेलं.

मग दाजींनी नवशिक्यांसाठीचं खोकं पालथं घातलं. त्यात झिजलेल्या, स्वस्तातल्या इंग्रजी पेनी असतात. कुणीही हाताळाव्यात, मोजत कुणी नाही. ढिगातून दाजींनी एक उचलली. राजाचं तोंड त्रिकोणात.

ऑगल खुर्चीवरून उठलेच. "हीच ती! सापडली!"

दाजींनी पेनी उलटली. मागे डरहॅम लिहिलेलं. डरहॅम इंग्लंडात, आमच्यापासून दीड तासावर. ऑगल हळूच खाली बसले.

"पुढून आयर्लंड, मागून इंग्लंड," दाजींनी जाहीर केलं. "अशी पेनी आजवर कुणाच्या बापाने पाहिलेली नाही."

झालं, सगळे तिच्याभोवती गोळा झाले. वजन केलं तर नेहमीच्या दुप्पट. दाजी म्हणाले, राजाने खास नजराण्यासाठी पाडलेली. कडेला काळपट लाल थर होता. दाजी म्हणाले, आयर्लंडची दलदल, सातशे वर्षांची.

"दाजी, चिकट लागतंय हो," मी म्हटलं.

"दलदल चिकटच असते, डेन्झिल."

"अगदी बरोबर."

ओला रुमाल फिरवून बघू, असं कुणाच्या मनातही आलं नाही. नाणं धुणं हे आमच्यात महापाप. नाण्यावरचा कीट म्हणजे त्याचा जन्मदाखला, तो गेला की नाणं कामातून गेलं. एका सभासदाने पूर्वी एक पेनी टूथपेस्टने घासली होती, तर त्याच्या मुलाशीसुद्धा आम्ही अजून जपून बोलतो.

तिचं 'पिंचबेक पेनी' असं नाव ठरलं. मिसेस स्कोफिल्डनी ती एका बशीत, कागदी रुमालावर मांडली आणि सगळे मिळून म्युझियमला पत्र लिहायला बसले. पावणेपाच झाले होते. ऑगल कोपऱ्यात कोट चढवत होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी मान वर केली ती बशीकडे बघायला, आणि टेबलावर बशीच नव्हती. आतून नळाचा आवाज येत होता.

आम्ही धावलो. एकोणीस वर्षं आमचा चहा करणाऱ्या नुआला गार्वी मोरीपाशी ब्रश घेऊन उभ्या होत्या. बाई मूळच्या कॉर्कच्या, पण कॉर्कची पेनी त्यांना आजवर कुणी दाखवली नव्हती.

"साबण लावलात?" मिसेस स्कोफिल्डनी नळ बंद केला.

"मग काय चाटून काढू?" नुआलाबाईंनी ओली मूठ उघडली. तळहातावर दोन पेनी होत्या. "एकीला एक चिकटल्या होत्या. खरकट्या बशा चिकटतात ना, तशा. जॅम आहे तो."

एक होती डरहॅमची, तशा खोक्यात चाळीस पडल्यात. दुसरी ऑगलांनी उचलली, उलटली आणि मागची अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. कॉर्क.

"जॅम कुणी खाल्ला?" मिसेस स्कोफिल्डनी विचारलं.

"आज सगळ्यांनी पावाला चीज घेतलं," नुआलाबाई म्हणाल्या. " बरणीला एकट्यानेच हात लावला."

तो जॅम माझ्या बहिणीने केलेला. विकरबीत तो एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा खात नाही. दाजींना मात्र गत्यंतर नसतं. चहाबरोबर तो खाता खाता त्यांनी कॉर्कची पेनी भिंगाखाली धरली होती आणि ती बोटाला चिकटलेली असताना त्याच हाताने नव्या सभासदाला दाखवायला खोकं ढवळलं होतं. त्यांचा अंगठा अजून लाल होता.

दाजींनी अंगठा निरखला. मग म्हणाले, "मंडळी, प्रकरण सुटलं. गुन्हेगार आपल्यातलाच आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो."

मी त्यांच्या अंगठ्यापुढे रुमाल धरला.

माफी मागायची आमच्याकडे पद्धत नाही. मिसेस स्कोफिल्डनी ऑगलांना स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला, दोन चमचे साखर घालून. ऑगल साखर घेत नाहीत, तरी प्यायले. मग कोट काढून खुर्चीला लावला, खण पुढे ओढला आणि कोरी चिठ्ठी घेतली. आमच्याकडे प्रत्येक नाण्याखाली चिठ्ठी असते. ते कुणाकडून आलं, त्याचं काय काय झालं, सगळं तीत लिहितात. नाणं विकलं, वारशाने गेलं तरी चिठ्ठी बरोबर जाते. ऑगलांनी बारीक अक्षरात सावकाश लिहिलं आणि सर्वांना वाचून दाखवलं.

"कॉर्क. दुर्मीळ. साबणाने धुतलेली. कारण, रोलंड पिंचबेक यांचा जॅम. सिलास ऑगल यांचा यात काही दोष नाही."

दाजींनी चिठ्ठी मागून घेतली आणि भिंगाखाली दोनदा वाचली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे लोक किती वर्षं वाचतील?"

"नाणं आहे तोवर," ऑगल म्हणाले. "दोनशे, तीनशे."

"मग नावाआधी 'गुप्तहेर' घाला की."

ऑगलांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. त्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले, आणि दाजींनी सांगितलं तसं, अगदी ठळक अक्षरात लिहून दिलं.