धुडकूआबांचे सात दिवस

धुडकूआबा कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. पेला हातात आला की तो नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचा वास आला तर चेहऱ्यावर समाधान पसरायचं, मग दोन घोट प्यायचे. वास आला नाही तर पेला तसाच खाली ठेवायचे आणि घरच्या बाईकडे अशा नजरेने बघायचे, जणू तिने पाहुण्याला विष दिलं असावं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोने हौसेने वाळ्याचं पाणी दिलं. आबा म्हणाले, "वास छान आहे, बाई. जंतूंनाही आवडत असणार." त्यानंतर बरेच दिवस आबा आले की ती स्वयंपाकघरातच काम काढायची.

मी त्या गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. नरडाणा स्टेशनवरून सायकलने तासाभराचं गाव. आबा आरोग्य खात्यातले निवृत्त सेवक. शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पाड्यांवर विहिरींत पावडर टाकण्यात आणि तापकऱ्यांच्या बोटातलं रक्त काचेवर घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. पुढे खात्याने त्यांना निवृत्त केलं, पण ते आबांनी मनावर घेतलं नाही. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी पिठलं टाकायचं आणि तेच संध्याकाळी खायचं. मधला सगळा वेळ गावाचा.

त्यांचं सगळ्यात मोठं व्यसन म्हणजे 'समजा'. माझ्याशी ते सरकारी मराठीत बोलत. शाळेच्या ओट्यावर बसायचे, नजर पार कापसाच्या शेतापलीकडे लावायचे आणि हळूच म्हणायचे, "समजा, गुरुजी, तापीमाय उद्या इथपर्यंत आली." झालं! मग ती यायची. बाभळी बुडायच्या, ज्वारीची कणसं पाण्यावर हलायची, चावडीच्या पायऱ्या एकेक करून जायच्या. आबा इतकं निवांत सांगायचे की मला भीती वाटायच्या ऐवजी गुंगी यायची. भर दुपारी, अंगावर खडूची पूड घेऊन, मी त्या पुरात कितीदा वाहून गेलोय! पूर ओसरला की आबा विचारायचे, "आता सांगा, पोरांना कुठे न्याल?" मी दचकून म्हणायचो, "देवळाच्या गच्चीवर." ते मान डोलवायचे. "आणि प्यायचं पाणी?" इथे मी दरवेळी नापास व्हायचो.

विहिरींशी मात्र ते अहिराणीत बोलत. पावडर कालवून आत सोडली की काठावर हनुवटी टेकवून बसायचे. पांढरा ढग हिरव्या पाण्यात सावकाश उतरायचा, आणि आबा कुजबुजायचे, "ऱ्हाय, माय, ऱ्हाय. घटकाभर जीव घाबरी तुना, मंग बरं वाटी." लेकराला झोपवावं तसं. ढग विरेपर्यंत ते उठायचे नाहीत, आणि हाक मारली तर ऐकूही जायचं नाही.

पण आबा नुसते स्वप्नाळू असते तर कोण कशाला चिडलं असतं? त्यांनी माझ्या शाळेच्या घंटेची एक भाषा ठरवली होती. तीन ठोके म्हणजे आग. पाच ठोके म्हणजे पाणी नासलं, घरातलं भरलेलं सगळं ओतून द्या. गल्लोगल्ली फिरून त्यांनी हे बायकांकडून पाठ करून घेतलं. एकदा उन्हाळ्यात, मधल्या सुट्टीला, मी तंद्रीत पाच ठोके देऊन बसलो. जरा वेळाने बाहेर येऊन बघतो तर समोरच्या गल्लीत ओहोळ! पहाटेपासून रांगा लावून भरलेले हंडे बायकांनी उपडे केले होते. शाळेला बायकांचा वेढा पडला, मी आत कडी लावून बसलो. आबा मात्र चिखलातून चालत आले. डोळ्यांत पाणी. "एक घर सुटलं नाही, गुरुजी," म्हणाले, "एकसुद्धा घर नाही."

चावडी वेशीजवळच होती. तिच्या भिंतीवर त्यांनी गेरूने लिहून ठेवलं होतं: साथीच्या गावाहून आलेल्या माणसाला वेशीवर थांबवा. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या, पण त्यांच्यावर कापसाच्या औषधाची जाहिरात चिकटवली गेली होती. ती कुणी काढली नाही. खरं म्हणजे ती भिंत कुणी वाचतच नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या भादव्यात सगळ्या गावाने ती वाचली. सुरतेत प्लेग आल्याचं रेडिओवर सांगत होते, आणि आमच्याकडचं जवळजवळ प्रत्येक घर सुरतेच्या यंत्रमागांवर जगत होतं. मिळेल त्या गाडीने माणसं परत निघाली. एका सकाळी नरडाण्याहून बैलगाडीने आमच्या गावची चौदा माणसं वेशीवर आली. त्यात विमल होती, गावचीच लेक, कडेवर पोर आणि बरोबर नवरा. समोर गावातले पुरुष काठ्या घेऊन उभे होते. विमलचा सख्खा चुलता, उखाभाऊ, सगळ्यात पुढे.

"आबा, भिंतवर तुम्हीच लिखं शे ना, थांबाडा म्हनीसन?" उखाभाऊंनी विचारलं. "मंग थांबाडं आम्ही. आते ज्या वाटे ऊनात त्या वाटे परत जाऊ द्या."

आयुष्यभर ज्यासाठी जीव टाकला ते आज गाव करत होतं, आणि आबांचा चेहरा पांढरा पडला होता. पोर रडत होतं, विमल चुलत्याकडे बघत होती. ती माणसं मागे फिरली असती तर जाणार कुठे? पुढच्या गावाच्या वेशीवरही काठ्याच होत्या. आबा भिंतीपाशी गेले आणि नखांनी जाहिरात खरवडू लागले. औषधाच्या डब्याचं चित्र फाटलं, त्यामागून गेरूतल्या दोन ओळी दिसायला लागल्या: नाव लिहा. सात दिवस शाळेत ठेवा.

"थांबाडा लिखं शे," आबा म्हणाले. "हाकली द्या कोठे लिखं शे?"

"आन त्यासनासंगे शाळामा कोन ऱ्हाई? त्यासले पानी कोन दी?" उखाभाऊंनी विचारलं.

हे मात्र भिंतीवर नव्हतं.

"मी," आबा म्हणाले, आणि घोंगडी आणायला घरी गेले.

शाळा गावाच्या टोकाला, शेवटच्या गल्लीपलीकडे. मी किल्ली आबांच्या हातात दिली, सुट्टी जाहीर केली आणि रोज वाटेवरच्या कडुलिंबाच्या झाडापर्यंत जाऊन यायला लागलो. त्यापुढे जायची माझी छाती नव्हती, हे कबूल करतो. त्या झाडाखाली गाव पीठ, मिरच्या, वांगी ठेवून जायचं. दवाखान्याचे डॉक्टर येऊन सगळ्यांना तपासून, गोळ्या देऊन गेले, आणि सात दिवस कुणाला ताप आला नाही तर सोडा, म्हणाले. आबा दिवसातून दोनदा थर्मामीटर लावत. माझ्या फळ्यावर चौदा नावं होती आणि प्रत्येकापुढे 'ताप नाही'. इतकं सुवाच्य अक्षर त्या फळ्याने आधी पाहिलं नव्हतं, हेही कबूल.

लांबून ते सगळं मला भासासारखं दिसे. भादव्याचं पिवळं ऊन, तीन दगडांच्या चुलीचा धूर, वऱ्हांड्यात एका ओळीत बसलेली माणसं आणि त्या ओळीत मधोमध आबा. विमल दटावायची, "आबा, एक भाकर आजून!" आणि आबा नको नको म्हणत ताट पुढे करायचे. पोर त्यांच्या मांडीवर झोपायचं. पाणी न हुंगता पिताना मी त्यांना पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

सातवा दिवस उजाडला. ताप कुणालाच नव्हता. उखाभाऊ माझ्याबरोबर लिंबाखाली आले, पुतणीला न्यायला, मान खाली घालून. आबा वऱ्हांड्यातून ओरडले, "आल्याचा दिवस धरत नाहीत!" ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. "आज ढगाळ आहे. ढगात थर्मामीटर नीट चढत नाही, गुरुजी."

सातापर्यंत मोजायला मीच पोरांना शिकवतो. आता मात्र माझं डोकं तडकलं. शाळा बंद, माणसं धडधाकट, गाव वाट बघतंय आणि हे म्हणतात ढग! नवव्या दिवशी मी लिंब ओलांडून सरळ वऱ्हांड्यापर्यंत गेलो. आबा विहिरीवर होते. विमल वांगी चिरत होती.

"आबा म्हणाले, उद्या अमावस्या, अमावस्येच्या आत माणसं हलवू नयेत," ती म्हणाली.

"आबा म्हणाले? आबा?" जन्मभर अमावस्येची टिंगल करणारा माणूस! "विमल, सात दिवस कधीच झालेत. तुम्हाला कोंडून ठेवलंय त्यांनी. चला, मी काढतो बाहेर."

ती चिरता चिरता थांबली.

"आमले बी मोजता येस, गुरुजी," ती म्हणाली. "परोनदिन त्यासनी माले हळूच इचारं, पित्तरना दिन तुले खीर-वडा करता येई का? त्यासनी बाईना नावनं पान बारा वरीसमा कोनी वाढं नही. घरमा रांधाले कोन शे?" तिने पदराने डोळे पुसले. "एक दिनना काय, ऱ्हाई जासूत आम्ही. पन तुम्ही त्यासले काही म्हनू नका."

विहिरीकडून आबा येत होते, दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, वाटेत कुणाशी तरी बोलल्यासारखे ओठ हलत होते. मला इतक्या जवळ बघून ते जागच्या जागी थांबले. एखाद्या पोराची चोरी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला.

मी फळ्याकडे गेलो. चौदा नावांपुढे आजचं 'ताप नाही' लिहायचं राहिलं होतं. खडू घेऊन ते एकेक करून लिहिलं आणि गावाकडे वळलो. लिंबाखाली उखाभाऊ उभे होते. सोडलं का, त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आबांचा हिशोब बरोबर आहे. अजून एक दिवस बाकी आहे. आणि उद्या येताना दूध आणा, जास्त आणा."